गळतं कुठून, दिसतं कुठं

जालना जिल्ह्यात मोटरसायकल ही आता शौकाची वस्तू राहिलेली नाही. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतले भाग मिळून हा जिल्हा झाला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा हे त्याचे आठ तालुके. एका टोकाच्या गावातून दुसऱ्या टोकाला जायचं तर दोन एसटी बदलाव्या लागतात आणि दिवस त्यातच जातो. म्हणून दूधवाला, मोसंबीचा व्यापारी, स्टील कारखान्यातला पाळीवाला कामगार, शाळेचे मास्तर आणि आठवडी बाजार करणारे आमच्यासारखे लोक, सगळ्यांचा संसार शंभर सीसीच्या गाडीवर चालतो. घरातलं एक माणूस आजारी पडलं तर दुसरं धावतं, पण गाडी आजारी पडली की सगळं घर बसतं.

आमच्या लहानपणी गावात राजदूत, येझदी आणि लूना होत्या. या गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. ते पेट्रोलबरोबर जळून निळ्या धुरातून निघून जायचं, त्यामुळं इंजिनचं ऑइल बदलणं हा प्रकार तेव्हा घराघरांत नव्हता. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली. त्याच वर्षी आपल्या शेजारी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. हळूहळू फोर स्ट्रोक गाड्या सगळीकडं झाल्या. या गाड्यांत ऑइल इंजिनच्या पोटात वेगळं राहतं. तेच ऑइल पिस्टनला, गिअरला आणि क्लचला पुरतं, आणि ठरावीक किलोमीटर झाले की काढून नवं टाकावं लागतं. काम अवघड नाही. सतरा नंबरचा पाना, एक पसरट भांडं, नरसाळं, नवं वायसर आणि ऑइलची बाटली एवढं असलं की पुष्कळ घरांत मुलं ते दारातच करतात.

आमच्याकडंही ते धाकट्यानंच केलं. धाकटा दहावी पास झाला होता आणि त्याला शासकीय आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या ट्रेडला जायचं होतं. अब्बा बाजारोबाज लहान मुलांचे तयार कपडे विकतात. फज्रची नमाज झाली की गाठोडं गाडीवर बांधायचं आणि राजूर, भोकरदन, कधी अंबड, अशी वाट धरायची. त्यांचा पाऊस, ऊन, धूळ सगळं त्या गाडीनं खाल्लेलं. ऑइल बदलायची वेळ कधीच होऊन गेली होती. एका रविवारी जुहरनंतर आम्ही सगळे दारात जमलो. धाकट्यानं पुस्तिका समोर ठेवली आणि एकेक पायरी वाचून काम केलं. गाडी चार मिनिटं चालू करून ऑइल कोमट केलं, मेन स्टँडवर लावली, खालचा नट सोडला, काळं ऑइल भांड्यात गळू दिलं. नटाचं जुनं वायसर फेकून नवं बसवलं. नट आधी हातानं फिरवत नेला आणि मग पान्यानं बेताचा कसला. इंजिनवर वर्षानुवर्षांचा मातीचा आणि तेलाचा थर होता. तो रॉकेल आणि ब्रशनं धुऊन काढला. शेवटी मोजून नवं ऑइल टाकलं आणि दांडीवर वरच्या खुणेपर्यंत आलेलं सगळ्यांना दाखवलं. अम्मीनं त्याच्या काळ्या हातांकडं बघून साबणाची वडी पुढं केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीखाली रुपयाएवढा तेलाचा डाग होता. तिसऱ्या दिवशी तसाच. चौथ्या दिवशी अब्बांनी खाली वाकून हात फिरवला तर खालचा नट ओला लागला.

आता ज्यानं त्यानं जे म्हणायचं ते म्हटलं. मामू म्हणाले, ‘‘पोराच्या हातात इंजिन देतात का? पाचशे रुपये वाचवायला गेलात.’’ गल्लीतले एक चाचा पाना घेऊनच आले, ‘‘एक वळसा अजून देतो, थांबेल.’’ अब्बांनी त्यांना चहा दिला, पण नटाला हात लावू दिला नाही, आणि ते फार बरं झालं. त्याचं कारण पुढं येईलच. शहरातल्या एका गॅरेजमध्ये अब्बांनी गाडी दाखवली. तिथल्या माणसानं उभ्याउभ्या सांगितलं की घरी काम केल्यानं आटे गेलेत, इंजिन उतरवावं लागेल, साडेतीन हजार धरून चला, गाडी चार दिवस राहील. ईद तीन आठवड्यांवर होती. लहान मुलांचे कपडे विकणाऱ्याला ईदच्या आधीचे चार बाजार म्हणजे निम्म्या वर्षाची कमाई. त्यातले दोन बुडवायचे, वर साडेतीन हजार द्यायचे, हे जमणारं नव्हतं. आणि तसंच चालवावं, तर ऑइल उडून मागच्या टायरला लागण्याची भीती. राजूरच्या रस्त्यावर, मागं गाठोड्याचं वजन असताना टायर घसरला तर काय, हा प्रश्न अम्मीनं एकदाच विचारला. पुन्हा विचारायची गरज नव्हती.

धाकटा काहीच बोलत नव्हता. त्याचा पान्यांचा डबा पलंगाखाली गेला. आयटीआयच्या अर्जाची मुदत जवळ येत होती, आणि मामू अब्बांना सांगत होते की याला सिल्लोडच्या दुकानात लावून द्या, मशीनचं काम याच्या नशिबात नाही. एक ओला नट, आणि त्यावरून एका मुलाचा पुढचा रस्ता ठरायला निघाला होता.

आम्ही घरातल्यांनी ठरवलं की कुणी काय म्हणतं ते बाजूला ठेवू आणि गाडीलाच विचारू. कुणावर बोट दाखवण्याआधी नीट चौकशी करावी आणि अंदाजावर कुणाला दोषी धरू नये, ही शिकवण आपल्या घरांत मुलांना सूरह हुजुरातच्या हवाल्यानं दिली जाते. ती गाडीखालच्या डागालाही लागू आहे, असं आपाचं म्हणणं पडलं. आपा बी.एस्सी.ला आहे. घरात आम्ही दख्खनी बोलतो, पण तिनं वहीत मराठीत तीन ओळी लिहिल्या: तेल कुठून येतं, केव्हा येतं, किती येतं.

‘किती’ हा सर्वांत सोपा प्रश्न होता, म्हणून तो आधी घेतला. गाडीखाली पुठ्ठा ठेवला आणि सकाळी थेंब मोजले. चौदा निघाले. साधारण वीस थेंबांचा एक मिलीलिटर होतो. म्हणजे रात्रीला एक मिलीलिटरही नाही. आमच्या गाडीच्या ऑइलची बाटली ९०० मिलीलिटरची. या हिशेबानं महिन्याला वीसेक मिलीलिटर जाईल. चालताना थोडं अधिक जात असेल असं धरलं तरी इंजिन उद्या जाम होणार नाही, एवढं कळलं. अब्बांचा जीव थोडा खाली बसला. अट एकच ठेवली की दर दोन दिवसांनी दांडी काढून पातळी बघायची आणि निघण्याआधी मागचा टायर आणि रिम कोरड्या कापडानं पुसून तपासायची. तेल दिसलं तर गाडी काढायचीच नाही.

वाचकांसाठी इथं एक गोष्ट सांगायला हवी. ऑइल बदलल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत पडणारे थेंब पुष्कळदा गळतीचे नसतातच. काढताना सांडलेलं ऑइल इंजिनच्या पट्ट्यांत आणि खालच्या कोपऱ्यांत साचून राहतं आणि इंजिन तापलं की सावकाश उतरतं. नीट पुसलं की ते थांबतं. तसंच ऑइल मापापेक्षा जास्त भरलं गेलं तर ते श्वासनळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि तिथल्या बारीक नळीतून खाली ठिबकतं. काही वेळा चेनला लावलेलं वंगणच उडालेलं असतं. ते दाट आणि चिकट असतं, इंजिन ऑइल पातळ असतं. आम्ही हे तिन्ही तपासलं. पातळी वरच्या खुणेच्या आतच होती, फिल्टरचा डबा कोरडा होता, आणि बोटाला लागलं ते नवं, मधाच्या रंगाचं ऑइल होतं.

आता ‘कुठून’. गळतीचा नियम असा की तेल जिथून निघतं तिथं ते क्वचितच दिसतं. ते उतारानं खाली येतं, चालत्या गाडीत वारा त्याला मागं ढकलतो, आणि सगळ्यांत खालच्या टोकाला थेंब धरतो. खालचा नट हा इंजिनचा तळ. वर कुठूनही निथळलं तरी तो ओला होणारच. म्हणून ओला नट हा पुरावा नव्हे. उलट त्या संशयापायी नट आणखी आवळणं हेच धोक्याचं. नट लोखंडी असतो आणि इंजिनचं कवच ॲल्युमिनियमचं. जोर लावला की नरम धातूचे आटे उखडतात, आणि मग खरोखरच इंजिनवर मोठं काम निघतं. चाचांचा तो एक वळसा अब्बांनी दिला असता, तर नसलेला दोष आम्ही विकत घेतला असता.

आम्ही इंजिन रॉकेलच्या कापडानं पुन्हा पुसलं, कोरडं केलं, आणि खालचा भाग, दोन्ही बाजूंची कव्हरं, नटाभोवतीची जागा, सगळीकडं टाल्कम पावडर भुरभुरली. पांढऱ्या पावडरीवर तेलाची रेघ लगेच उमटते. ही युक्ती जुन्या मेकॅनिक लोकांची आहे, खर्च काही नाही. मग गाडी पाच मिनिटं जागेवर चालू ठेवली. टॉर्च लावून बघितलं तर सगळीकडं कोरडं. रात्री पुठ्ठ्यावर गाडी लावली. सकाळी पुठ्ठाही कोरडा! अम्मी म्हणाली, ‘‘थांबलं वाटतं.’’

थांबलं नव्हतं. आपानं वहीत लिहिलं होतं की त्या रात्री गाडी मेन स्टँडवर होती. एरवी अब्बा बाजारात गाडी मेन स्टँडवर लावतात, कारण गाठोडं उतरवताना ती हलायला नको. घरी मात्र रात्री दमून आलेले असतात, गुडघा दुखत असतो, म्हणून साइड स्टँडवर टेकवतात. बाजारात गाडीखाली डाग पडल्याचं त्यांनाही आठवत नव्हतं. डाग फक्त घरी पडायचा, आणि तोही मधोमध नव्हे तर डाव्या अंगाला.

दुसऱ्या रात्री गाडी मुद्दाम साइड स्टँडवर लावली. सकाळी पुठ्ठ्यावर बारा थेंब होते. धाकट्यानं, बऱ्याच दिवसांनी, स्वतः टॉर्च घेतली आणि जमिनीवर आडवा झाला. खालच्या नटाभोवतीची पावडर पांढरीशुभ्र होती. वर डावीकडं, गिअरचा दांडा इंजिनमधून जिथं बाहेर येतो, तिथून एक बारीक काळपट रेघ खाली आली होती. ‘‘गिअर शाफ्टची सील,’’ तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

गिअरचा दांडा पायानं वरखाली होतो आणि इंजिनच्या आत ऑइल असतं. त्या भोकातून ऑइल बाहेर येऊ नये म्हणून दांड्याभोवती रबराची गोल सील बसवलेली असते. वर्षानुवर्षं उष्णतेनं रबर कडक होतं, त्याची आतली पातळ कड झिजते, आणि धूळ शिरली की दांड्यावर घासते. आमच्याकडच्या काळ्या मातीच्या रस्त्यांवर हे लवकर होतं. सील जुनीच होती, मग गळती ऑइल बदलल्यावरच का सुरू झाली? याचंही उत्तर मिळालं. जुनं ऑइल कमी होऊन दांडीच्या खालच्या खुणेला आलेलं होतं. साइड स्टँडवर गाडी डावीकडं कलते आणि ऑइल त्या बाजूला गोळा होतं. पातळी कमी होती तोवर ते सीलपर्यंत पोचत नव्हतं. नवं ऑइल पूर्ण मापानं भरलं तेव्हा रात्रभर सीलवर उभं राहू लागलं. शिवाय मातीचा जुना थर तिथं बुचासारखा बसला होता. तो धुतल्यावर आतलं दुखणं बाहेर दिसलं. धाकट्यानं ऑइल योग्य भरलं आणि इंजिन स्वच्छ केलं, या दोन बरोबर कामांमुळंच लपलेला दोष उघडा पडला होता. तो तसाच लपून राहिला असता, पातळी आणखी घटत गेली असती, तर एखाद्या दुपारी भोकरदनच्या वाटेवर कोरडं इंजिन जाम झालं असतं.

आम्ही कादीम जालन्यातल्या एका उस्तादांकडं गेलो. उस्तादांनी पुठ्ठा, वही आणि पावडरीचा फोटो बघितला. काही न बोलता डबा उघडला. सील शंभर रुपयांच्या आतली. गाडी उजवीकडं टेकवून ठेवली, म्हणजे ऑइल काढावं लागलं नाही. गिअर लिव्हरचा बोल्ट पूर्ण काढून लिव्हर ओढून घेतली. जुनी सील आकड्यानं उचकटली, पण दांड्यावर ओरखडा पडणार नाही अशी, कारण ओरखडा राहिला तर नवी सीलही गळते. दांड्याच्या टोकाला दाते असतात, ते नव्या सीलची कड कापू नयेत म्हणून त्यावर पातळ टेप गुंडाळली. सीलच्या आतल्या कडेला ऑइलचं बोट फिरवलं. मग उस्तादांनी मापाचा पाइपचा तुकडा धाकट्याच्या हातात दिला आणि म्हणाले, ‘‘तू बसव. सरळ दाब, एका बाजूनं नको.’’ अर्धा तास लागला. मजुरी त्यांनी दीडशे घेतली आणि मामूंसाठी निरोप दिला की पोराचा नट उत्तम कसलेला आहे.

त्या रात्री गाडी साइड स्टँडवर होती आणि पुठ्ठा कोरडा राहिला. पुढच्या चार रात्रीही. ईदच्या आधीचे चारही बाजार झाले, अलहम्दुलिल्लाह. मामू ईदला आले तेव्हा त्यांनी स्वतःची गाडी दारात लावली आणि धाकट्याला म्हणाले, ‘‘जरा बघ रे, हिचंही खाली ओलं दिसतंय.’’ धाकट्यानं आधी पावडरीचा डबा आणला.

ज्या घरांत हे काम दारात होतं, त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. ऑइलची बाटली घेताना त्यावर जासो एमए असं लिहिलेलं बघा. मोटरसायकलमध्ये क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारसाठीचं निसरडं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो. खालच्या नटाचं वायसर दर वेळी नवं घ्या. ऑइल मोजताना गाडी सपाट जागी मेन स्टँडवर उभी हवी. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग दांडी काढून पुसा आणि पुन्हा घाला. काही गाड्यांत ती आट्यांत न फिरवता नुसती टेकवायची असते, काहींत नाही. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काय आहे ते वाचा. तारीख आणि किलोमीटर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. गळतीचा संशय आला तर आधी पुसा, मग पावडर, मग पुठ्ठा. पाना सगळ्यांत शेवटी. आणि मागच्या टायरला तेल दिसलं तर हे सगळं होईपर्यंत गाडी घरीच राहू द्या.

काढलेल्या काळ्या ऑइलचं काय करायचं, हा प्रश्न आपानं उचलून धरला. आमच्याकडं ते सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात, आणि उरलं की नालीत ओततात. नाली जाते कुंडलिकेत. ज्या शहरानं २०१३ चा दुष्काळ टँकरवर काढला, ज्याला घाणेवाडीचा तलाव पुरला नाही आणि जायकवाडीहून पाणी आणावं लागलं, तिथं पाण्यात तेल सोडणं शोभत नाही. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यात धरलं आहे, आणि ते नोंदणी असलेल्या कारखान्यांत शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. उस्तादांच्या दुकानात एक पिंप आहे, ते भरलं की गोळा करणारा घेऊन जातो. आमचा डबा आता तिथं रिकामा होतो. गल्लीतल्या आणखी चार-पाच घरांचंही ऑइल धाकटा गोळा करून नेतो. चाचांचं सुद्धा.

आयटीआयचा अर्ज शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी भरला. पहिल्या पसंतीला मोटर मेकॅनिक लिहिलं आहे. फीचे पैसे अब्बांनी ईदच्या बाजारातून बाजूला काढून ठेवलेत. यादी लागायची आहे. दुआ करा.